‘ओवीचे बाबा’ आणि मी : घटस्फोटानंतर मुलासाठी एकमेकांशी कसं बोलावं

वॉर्डात ड्यूटी बदलते तेव्हा आम्ही सिस्टर एकमेकींना ओव्हर देतो, म्हणजे पेशंटची सगळी माहिती पुढच्या पाळीच्या हाती सोपवतो. कॉट नंबर ७, पहाटे ताप १०१, सहाला औषध दिलंय, सलाईन दोन तासांत संपेल, नातेवाईक घाबरलेत. एका सिस्टरशी माझा चार महिने अबोला होता. त्या चार महिन्यांत तिला मी रोज अशीच ओव्हर दिली आणि तिनेही ती नीट घेतली. आमच्या अबोल्याची झळ कॉटवरच्या माणसाला लागू द्यायची नाही, हे न बोलताच ठरलेलं होतं.

माझा घटस्फोट झाला तेव्हा लेक ४ वर्षांची होती, आता ९ वर्षांची आहे. तिला इथे ओवी म्हणते. पहिलं दीड वर्ष तिचे बाबा आणि मी शाळा, ताप, सुट्टी अशा विषयांवर बोलत होतो, पण चालू होतं जुनंच भांडण. एकदा रात्रपाळीहून घरी येताना बसमध्ये मनात आलं, ज्या बाईशी पटत नाही तिला मी ओव्हर देते, मग या माणसाला का देत नाही? तेव्हापासून जे हळूहळू जमत गेलं ते इथे लिहिते.

त्याआधी एक महत्त्वाची गोष्ट. घरात मारहाण, धमक्या, पाळत ठेवणं असे प्रकार झाले असतील, तर ‘गोडीने बोलून बघा’ हा सल्ला तुमच्यासाठी नाही. तुमची आणि मुलाची सुरक्षितता पहिली. महिला हेल्पलाइन १८१ आणि तातडीसाठी ११२ हे नंबर जवळ ठेवा. २००५ च्या कौटुंबिक हिंसाचार प्रतिबंधक कायद्याखाली मुलाच्या तात्पुरत्या ताब्याचा आदेशही मागता येतो. मुलाची ने-आण तिसऱ्या माणसामार्फत किंवा कोर्ट सांगेल त्या ठिकाणी करा. पुढचं सगळं आहे ते एकमेकांवर राग आहे, पण भीती नाही, अशा जोडप्यांसाठी.

आधी कागद नीट वाचा

परस्परसंमतीने घटस्फोट घेताना आपण कन्सेंट टर्म्सवर, म्हणजे दोघांनी मान्य केलेल्या अटींच्या कागदावर, सही करतो. त्या दिवशी डोकं ठिकाणावर नसतं, त्यामुळे पुष्कळांना त्यात नेमकं काय लिहिलंय ते आठवत नाही. तो कागद काढा आणि मुलासंबंधीचे परिच्छेद पेन घेऊन वाचा. ‘वडिलांना वाजवी भेटीचा हक्क राहील’ असं मोघम वाक्य असेल तर पुढची निम्मी भांडणं तिथूनच उगवणार, कारण वाजवी म्हणजे किती हे दोघांच्या डोक्यात वेगळं असतं.

आमच्या कागदात ‘महिन्यातून दोन शनिवार-रविवार’ होतं. कोणते दोन, ते नव्हतं. ओवीचे बाबा बँकेत आहेत, त्यांना दुसऱ्या आणि चौथ्या शनिवारी सुट्टी असते. मग आम्ही असं लिहून काढलं : दुसरा आणि चौथा शनिवार, सकाळी १० ते रविवार संध्याकाळी ६. न्यायला ते येतील, आणायला मी जाईन. माझं ड्यूटीचं वेळापत्रक महिन्याच्या २५ तारखेला लागतं. ते त्याच दिवशी त्यांना पाठवायचं, रविवारी ड्यूटी आली तर मामा आणायला जाईल.

सणांचंही असंच एकदा बसून लिहून काढा. ‘त्या वेळी बघू’ म्हटलं की ऐन सणात रडारड होते. आमच्यात गणपती त्यांच्याकडे बसतो, म्हणून स्थापनेचा दिवस आणि दुसरा दिवस कायम तिकडे, गौरी माझ्याकडे. दिवाळीची पहिली आंघोळ माझ्या घरी, भाऊबीज तिकडे, कारण तिचे आत्तेभाऊ तिकडे आहेत. मे महिन्याची सुट्टी निकालापासून शाळा उघडेपर्यंत मोजायची आणि मधोमध तोडायची. वाढदिवसावरून दोन वर्षं ओढाताण झाली. शेवटी माझ्या आईनेच तोडगा काढला : तारखेने एका घरी, तिथीने दुसऱ्या घरी, आणि दरवर्षी अदलाबदल. ओवीला दोन वाढदिवस मिळाले, औक्षणही दोनदा.

हाक कशी मारायची

हा प्रश्न फारसं कोणी विचारत नाही, पण मला तो सगळ्यात आधी अडला. लग्नात मी त्यांना ‘अहो’ म्हणायचे. घटस्फोटानंतर ‘अहो’ तोंडातून निघेना. नुसतं नाव घेऊन ‘तू’ म्हणावं तर तो अपमान वाटला असता, त्यांनाही आणि ओवीच्या आजीलाही. म्हणून मी हाकच गाळली. नुसतं ‘आणा’, ‘पाठवा’, ‘सांगा’. वाचणाऱ्याला ते हुकूम वाटायचे, आणि त्यांचं उत्तरही तशाच सुरात यायचं.

आपल्याकडे जुन्या बायका नवऱ्याचं नाव घेत नसत, ‘बंड्याचे बाबा’ म्हणत. ती रीत मला अशी उपयोगी पडेल असं कधी वाटलं नव्हतं. मी ‘ओवीचे बाबा’ म्हणू लागले. शेजारी, शाळेत, माहेरी, सगळीकडे हेच. मेसेजमध्ये त्यांचं नाव आणि ‘तुम्ही’. ‘माझे एक्स’ मी म्हणत नाही, त्या शब्दात मी आणि माझं मोडलेलं लग्न आहे. ‘ओवीचे बाबा’मध्ये जे अजून शाबूत आहे तेवढंच आहे.

ज्यांचं कॉलेजपासून अरे-तुरे होतं त्यांनी ते तसंच ठेवावं. काल ‘तू’ आणि आज एकदम ‘तुम्ही’ म्हटलं की तो टोमणा होतो. आणि ‘मॅडम’, ‘साहेब’ हे शब्द तर पूर्ण टाळा. बोलणाऱ्याला ते मानाचे वाटतात, ऐकणाऱ्याला चिमटे.

एकच वाट ठरवा

कोणती गोष्ट कुठून कळवायची ते ठरवा. आमचं असं आहे : रोजचं व्हॉट्सॲपवर, शाळा-दवाखान्याचे कागद ईमेलवर, आणि फोन फक्त तातडीचा. त्यामुळे त्यांचा फोन वाजला की मी हातातलं काम सोडून उचलते, आणि माझाही तिकडे उचलला जातो. एरवी दिवसात दहा फोन करत राहिलं तर अकरावा, खरा गरजेचा, कोणी घेत नाही.

मेसेजच्या सुरुवातीला मी एक शब्द टाकते. ‘माहिती’ म्हणजे उत्तराची गरज नाही. ‘विचारते’ म्हणजे उत्तर हवं, आणि कधीपर्यंत तेही लिहिते. ‘तातडी’ म्हणजे आत्ता. निळ्या टिका दिसूनही उत्तर नाही म्हणून मी जी तडफड करायचे ती यामुळे थांबली.

व्हॉइस मेसेज नकोत. आवाजातला राग शब्दांआधी पोचतो, शिवाय मूल शेजारी बसलेलं असतं. स्टेटसवर सुविचारांच्या आडून टोले मारणंही बंद करा. दोन्हीकडचे नातेवाईक ते बघतात आणि संध्याकाळपर्यंत मुलाच्या कानावर जातं. अजून एक लक्षात ठेवा, तुमचा प्रत्येक मेसेज उद्या कोर्टात पुरावा म्हणून दाखवला जाऊ शकतो. पण मी स्वतःला वेगळी ताकीद देते : हा मेसेज ओवीने १८ व्या वर्षी वाचला तर?

मेसेज लिहिण्याची रीत

एक प्रसंग जसाच्या तसा सांगते. त्या रविवारी तेच तिला सोडायला येणार होते, पण ओवी ६ ऐवजी ८ ला घरी आली. सोमवारी गणिताचा पेपर. पोरगी पेंगत होती, बे एके बे सुद्धा सुचत नव्हतं. तिला झोपवून रात्री ११ ला मी हे टाइप केलं :

‘परत उशीर. नेहमीचंच आहे हे. सोमवारी परीक्षा आहे हे माहीत असूनही बहिणीकडचं जेवण महत्त्वाचं. मुलीचं काही पडलंय का तुम्हाला?’

पाठवला नाही. ही सवय मी मुद्दाम लावून घेतली आहे. रात्री ९ नंतर लिहिलेला मेसेज सकाळी चहा घेतल्यावर वाचायचा, मगच पाठवायचा, तातडीचा असेल तर गोष्ट वेगळी. सकाळी वाचला तेव्हा दिसलं की त्यात ओवीच्या कामाची माहिती होती ती परीक्षेची, बाकी सगळं माझ्या मनातलं. मग असा लिहिला :

‘विचारते. ओवी काल ६ ऐवजी ८ ला पोचली, त्यामुळे गणिताची उजळणी राहिली. परीक्षेच्या आदल्या दिवशी तिला ४ पर्यंत आणून पोचवता येईल का? शुक्रवारपर्यंत सांगा. वेळापत्रकाचा फोटो सोबत आहे.’

उत्तर आलं, ‘ठीक.’ एवढंच. मला तेवढंच हवं होतं.

या दोन मेसेजांत काय बदललं ते बघा. दुसऱ्यात घडलेली गोष्ट वेळेसकट आहे, तिचा मुलावर झालेला परिणाम आहे, आणि एकच मागणी आहे, तीही पुढच्या वेळची. ‘परत’, ‘नेहमीचंच’, ‘बहिणीकडचं’ हे शब्द गेले. एका मेसेजमध्ये एकच विषय ठेवा. परीक्षा, फी आणि दातांचा डॉक्टर एकत्र लिहिलं की ज्यावर उत्तर द्यायला सोपं तेवढ्यावर उत्तर येतं आणि बाकीचं बुडतं.

आता उलटी बाजू. समोरून टोचणारा मेसेज आला तर? समजा असा : ‘तुला मुलीचा डबा करायला वेळ नाही, ड्यूटीच मोठी. शनिवारी मी तिला ४ ला नेणार आहे.’ यातली मुलाच्या कामाची ओळ शोधा आणि फक्त तिला उत्तर द्या : ‘शनिवारी ४ चालेल. चित्रकलेचा क्लास साडेतीनला सुटतो, थेट तिथूनच नेलंत तर बरं.’ डब्यावर एक अक्षर नाही. हे पहिल्यांदा करताना छातीत कळ येते, कारण डबा तुम्ही पहाटे ५ ला उठून केलेला असतो. मैत्रिणीला फोन करा, रडा, तिला सगळं सांगा. पण तिकडे लिहू नका. टोचायला काही सापडत नाही म्हटल्यावर टोचणं कमी होतं. आमच्याकडे आठेक महिने लागले.

दारातली ५ मिनिटं

मूल एका घरातून दुसऱ्या घरी जातं ती वेळ सगळ्यात नाजूक. त्या ५ मिनिटांत पैसे, वकील, जुनं काही काढायचं नाही. मुलाच्या देखत हसून ‘या’ म्हणणं जमत नसेल तर निदान शांतपणे मान हलवा. दार नको वाटत असेल तर बाग, ग्रंथालय, क्लास अशी जागा ठरवा. सगळ्यात सोपं म्हणजे एकाने शाळेत सोडायचं आणि दुसऱ्याने शाळेतून न्यायचं. मुलाला कोणाचा निरोपच घ्यावा लागत नाही.

बॅगेबरोबर आमच्याकडे एक २०० पानी वही जाते. ही माझी ओव्हरची वही. आठ-दहा ओळी : जेवण, झोप, पोट, गृहपाठ, औषध, मनाला लागलेलं काही. ‘मैत्रिणीशी भांडण झालंय, विचारू नका, ती सांगेल.’ अशी ओळही त्यात असते.

औषधाबद्दल नर्स म्हणून कळकळीने सांगते. पॅरासिटामॉलचं लहान मुलांचं सिरप वेगवेगळ्या ताकदीचं मिळतं. ५ मिलीमध्ये १२० किंवा १२५ मिलिग्रॅमची बाटली असते, तशीच २४० किंवा २५० ची असते. एका घरात एक बाटली, दुसऱ्या घरात दुसरी, आणि दोन्हीकडे ‘एक चमचा’ म्हटलं तर मुलाला दुप्पट औषध जाऊ शकतं. दोन डोसांत ४ ते ६ तासांचं अंतर लागतं आणि शेवटचा डोस कधी दिला ते दुसऱ्या घराला ठाऊक नसतं. म्हणून वहीत असं लिहा : ‘ताप १००.८, दुपारी २ वाजता सिरप २५० ची बाटली, इतके मिली, पुढचा डोस ८ च्या आत नको.’ किती मिली ते डॉक्टर मुलाच्या वजनावरून सांगतात. एकाच ताकदीची बाटली दोन्ही घरी ठेवलीत तर सर्वात चांगलं. तुमचं एकमेकांशी कितीही वाकडं असलं तरी ही ओळ लिहायला विसरू नका.

मूल म्हणजे निरोप्या नव्हे

‘बाबांना सांग फी भरायची राहिलीय.’ हे वाक्य मीही बोलले आहे. ओवी सहा वर्षांची होती. तिने ते बाबांना सांगितलंच नाही, आणि मला म्हणाली, ‘बाबा म्हणाले भरतो.’ आठवड्याने उघड झालं तेव्हा माझी खात्री पटली की बाबा खोटं बोलले. खरं तर दोघांनी चिडू नये म्हणून माझी सहा वर्षांची पोर दोन्हीकडे सांभाळून घेत होती. त्या दिवशी मला माझीच लाज वाटली. तेव्हापासून मोठ्यांचा निरोप मोठ्यांनीच द्यायचा, अगदी ‘स्वेटर परत पाठवा’ एवढासुद्धा.

तिकडून आल्यावर उलटतपासणीही नको. कोण आलं होतं, काय जेवलीस, आजी काय म्हणाली, असे प्रश्न विचारले की मूल कुठल्या उत्तराने आईचा चेहरा पडतो ते शिकतं आणि ती उत्तरं लपवायला लागतं. ओवीने आइस्क्रीम खाल्लेलं सांगणं बंद केलं होतं. आता ती आली की मी ‘हातपाय धू, वरण-भात गरम आहे’ म्हणते आणि गप्प बसते. जेवता जेवता तीच सांगते.

आल्यावर पहिले दोन-तीन तास मूल चिडचिड करतं, कधी रडतं. त्याचा अर्थ ‘तिकडे काहीतरी केलं असणार’ असा लगेच काढू नका. घर बदलताना त्याला वेळ लागतो. ते माझ्याकडून तिकडे गेल्यावरही असंच वागतं, हे मला वहीतूनच कळलं.

रोजच्या फोनचंही ठरवून टाका. २०२० च्या यशिता साहू खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने म्हटलं आहे की ज्याच्याकडे ताबा नाही त्या पालकाला मुलाशी रोज ५ ते १० मिनिटं बोलता यायला हवं. आमची वेळ रात्री ८. फोन ओवीच्या हातात, मी स्वयंपाकघरात. स्पीकर लावत नाही, मागून उत्तरं सुचवत नाही.

आजी, आत्या, मामा, शाळा

आपल्याकडे घटस्फोट दोन माणसांचा होत नाही, दोन घराण्यांचा होतो. माझी आई ओवीसमोर बाबांबद्दल बोलायची, मायेपोटीच. मी तिला एवढंच म्हणाले, ‘आई, ओवी अर्धी त्यांची आहे. तू त्यांना वाईट म्हणतेस तेव्हा ती स्वतःत शोधत बसते, मी कुठे वाईट आहे.’ आई त्यानंतर काही बोलली नाही. हे काम ज्याचं त्याने आपापल्या घरी करायचं असतं. मी त्यांच्या आईला समजवायला गेले असते तर नवं भांडण झालं असतं.

शाळेत दोघांचे नंबर द्या, वर्गशिक्षिकेला परिस्थिती दोन वाक्यांत सांगा. पालकसभेला दोघं जाऊ शकत असाल तर उत्तम, नाही तर आळीपाळीने जा आणि त्याच दिवशी एकमेकांना कळवा. पासपोर्ट, आधार यांना आयत्या वेळी सह्या आणि कागद लागतात. मुलाच्या आधारचे बायोमेट्रिक ५ व्या आणि १५ व्या वर्षी नव्याने द्यावे लागतात, ते कोण करणार हे आधीच ठरवलेलं बरं.

पैसे वेगळे ठेवा

पोटगी आली नाही म्हणून भेट अडवायची, किंवा भेट झाली नाही म्हणून पैसे थांबवायचे, हे कायद्यातही बसत नाही आणि मुलाच्या दृष्टीने तर क्रूर आहे. दोन्ही विषय वेगळे आहेत, थकबाकीसाठी कोर्टाची वेगळी वाट आहे. आम्ही महिन्याच्या ५ तारखेला खर्चाची एक यादी पाठवतो, पावत्यांच्या फोटोंसकट. इतर दिवशी पैशाचा विषय नाही. २००० रुपयांवरचा वरखर्च आधी विचारून.

दुसऱ्या लग्नाची किंवा नव्या जोडीदाराची बातमी मुलाच्या तोंडून कळू देऊ नका. आधी एक सरळ मेसेज टाका. ओवीच्या बाबांनी मला तसाच टाकला होता. तो वाचून मी दोन दिवस कोणाशी बोलले नाही, पण ओवीने विचारलं तेव्हा माझा चेहरा तयार होता.

जमतच नसेल तर

काही जोडप्यांना इतकंही बोलणं झेपत नाही. मग बोलणं आणखी कमी करा : फक्त वही, फक्त ईमेल, ने-आण शाळेतून. आपापल्या घरात आपापले नियम, एकमेकांच्या घरात डोकावायचं नाही. दोघांना मान्य असा एक मोठा माणूस मध्ये ठेवा. कौटुंबिक न्यायालयात समुपदेशक असतात, निकालानंतरही काही अर्ज निघाला तर त्यांच्याकडे पाठवलं जातं. भेटीच्या वेळा खरोखरच गैरसोयीच्या झाल्या असतील तर त्या बदलून मागता येतात. हिंदू विवाह कायदा, १९५५ च्या कलम २६ प्रमाणे मुलाच्या ताब्याबद्दल आणि शिक्षणाबद्दल कोर्ट निकालानंतरही वेळोवेळी आदेश देऊ शकतं. आपणच ठरवून भेटी बंद करण्यापेक्षा अर्ज करा.

आणि ठरवलेलं दरवर्षी उघडून बघा. आम्ही जूनमध्ये, शाळा सुरू व्हायच्या आधी, एका उडुप्याकडे अर्धा तास बसतो. चार वर्षांच्या मुलीसाठी केलेलं वेळापत्रक नऊ वर्षांच्या मुलीला आखूड होतं. यंदाच्या यादीत होतं : पोहण्याचा क्लास कोणाच्या घराजवळ, सहलीचे पैसे, पाळी येण्याआधी तिच्याशी कोण बोलणार आणि ती तिकडे असताना आली तर आत्या काय करेल, शिवाय चौथ्या शनिवारी तिला मैत्रिणीकडे राहायला जायचं असेल तर तो दिवस कोणाचा धरायचा. शेवटच्या प्रश्नावर ओवीचे बाबा जरा थांबले, मग म्हणाले, ‘तिचाच धरू.’ मी वहीत तसं लिहून घेतलं.